कुलाब्याचं बोवेन चर्च: हे नाव त्या जागेला शोभतं का?

पायवाट:
अपोलो बंदराजवळच्या बोवेन मेमोरियल मेथडिस्ट चर्चचं नाव मला कायम खटकतं. जॉर्ज बोवेन १८४८ च्या जानेवारीत अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेचे मिशनरी म्हणून मुंबईत उतरले आणि पुढच्याच वर्षी पगार नको म्हणाले. शिकवण्या करून पोट भरलं, देशी वस्तीत गरिबांच्या शेजारी राहिले, मराठी शिकून रस्त्यावर उभे राहून बोलले. चाळीस वर्षांत एकदाही मायदेशी गेले नाहीत, १८८८ मध्ये इथेच वारले. अशा माणसाचं नाव शहरातल्या सगळ्यात महागड्या भागातल्या इमारतीला? शिवाय मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथात आले तेव्हा त्यांनी पंचावन्नी ओलांडली होती. मुंबईत मेथडिस्ट काम उभं केलं ते विल्यम टेलर या अमेरिकन धर्मोपदेशकांनी.

भायखळाकर:
साफ असहमत. टेलर १८७१ मध्ये आले, सभा गाजवल्या, चर्चची मंडळी जमवली आणि पुढे कलकत्त्याला गेले. इथे राहून ती मंडळी सांभाळणाऱ्यांत बोवेन होते. टेलर यांचा आग्रह काय होता? इथल्या मंडळीचा खर्च इथल्यांनीच उचलायचा, अमेरिकेच्या पैशावर बसायचं नाही. बोवेन तर वीसेक वर्षं तसेच जगत होते! ते उपरे कसे? आणि टेलर यांच्या नावाचं चर्च भायखळ्यात आहेच.

पायवाट:
टेलर यांच्याबद्दलचं मान्य. जागेबद्दलचं नाही. बोवेन यांचं खरं काम 'बॉम्बे गार्डियन'च्या अंकांत आहे, ते पत्र त्यांनी कित्येक वर्षं चालवलं. चाळीस वर्षं बोलूनही फार थोडे लोक त्यांच्यामागे आले, तरी माणूस हटला नाही. हे इमारतीकडे बघून कुणाला कळणार?

रविवार_सकाळ:
माझ्या भाच्याला कळलं. गेटवेहून परतताना त्याने फाटकाशी थांबून नाव वाचलं, "बोवेन कोण?" रीगलपर्यंत चालता चालता मी जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. त्याने एकच विचारलं, "मामा, पगार नाही, मग जेवायचे काय?" पाटी नसती तर ते पोरगं सरळ बसस्टॉपवर गेलं असतं.

पायवाट:
जागेचा मुद्दा मी सोडत नाही. पण नाव काढा, असं आता म्हणवत नाही. भाच्याला सांगा, मुलांना शिकवून मिळेल त्यात जेवायचे.