व्हर्सायच्या तहानं हिटलर आणला, हे आता पुरे करा

रानवारा

परवा एका लेखात पुन्हा तेच वाचलं. पहिल्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी 1919 साली व्हर्सायच्या तहानं जर्मनीच्या मानेवर पाय दिला नसता, तर हिटलर म्युनिकमध्ये चित्रं विकत आयुष्य काढता, असा एकूण सूर. खाली सगळ्यांच्या माना डोलतायत. शाळेत हेच शिकलो, स्पर्धा परीक्षांच्या गाइडमध्येही हेच असतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

नुसत्या तारखा लावून बघा. तहावर सह्या झाल्या 28 जून 1919 ला. मे 1928 च्या निवडणुकीत नाझींना किती मतं पडली? 2.6 टक्के. जागा 12. अपमान तोच होता, गेलेला मुलूख तोच होता, एक लाख सैन्याची मर्यादाही तीच होती. मग सप्टेंबर 1930 मध्ये 18.3 टक्के आणि 107 जागा कुठून आल्या? जुलै 1932 मध्ये 37 टक्के आणि 230 जागा?

त्या मधल्या काळात तह कडक झाला नव्हता, सैल होत चालला होता. डॉज योजनेनं 1924 मध्ये युद्धभरपाईचे हप्ते आवाक्यात आणले. यंग योजनेत रक्कम आणखी उतरली. पश्चिम जर्मनीतल्या ऱ्हाइनलँडमधल्या फ्रेंच फौजा जून 1930 मध्ये, मुदतीच्या पाच वर्षं आधी निघून गेल्या. 1931 मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष हूव्हरनं हप्त्यांना वर्षभराची स्थगिती दिली आणि 1932 च्या उन्हाळ्यात लोझानच्या परिषदेत भरपाईचं प्रकरण जवळपास मिटलं. हिटलर चान्सेलर, म्हणजे पंतप्रधान, झाला 30 जानेवारी 1933 ला. म्हणजे सगळं मिटल्यावर.

बदललं काय, तर हाताला काम राहिलं नाही. 1932 च्या सुरुवातीला साठ लाख बेकार. त्यात चान्सेलर ब्रूनिंग अध्यक्षांच्या वटहुकमांवर कारभार हाकतोय, पगार कापतोय, बेकारभत्ता कापतोय. डिसेंबर 1931 च्या वटहुकमानं तर पगार 1927 च्या पातळीवर नेऊन ठेवले. घरात चूल पेटत नसलेला माणूस कुणाच्या सभेला जाईल?

भरपाईचा 132 अब्ज सुवर्ण मार्कांचा तो राक्षसी आकडा सगळे तोंडावर फेकतात. 1921 च्या त्या आराखड्यात रोखे तीन प्रकारचे होते, आणि त्यातले 82 अब्जांचे 'क' रोखे कधी वसूल होतील असं खुद्द वसूल करणाऱ्यांनाही वाटत नव्हतं. ते फ्रान्स-बेल्जियममधल्या मतदारांना दाखवायला होते. आणि मार्च 1918 मध्ये याच जर्मनीनं ब्रेस्ट-लिटोव्स्कच्या तहात रशियाकडून पोलंड, बाल्टिक प्रांत, युक्रेन काढून घेतले होते, त्याबद्दल कुणी अश्रू ढाळत नाही.

माझा खरा राग वेगळाच आहे. नोव्हेंबर 1932 मध्ये नाझींची वीस लाख मतं घटली होती. पक्षाची तिजोरी रिकामी होती. अशा वेळी माजी चान्सेलर फॉन पापेननं मागच्या दारानं सौदा केला आणि अध्यक्ष हिंडेनबर्गनं हिटलरच्या नेमणुकीवर सही केली. तहाच्या नावानं बोटं मोडली की ही माणसं सुटतात.

निवृत्त कॅशियर

तारखा लावायच्या तर सगळ्या लावा. 1923 कुठे गेलं?

जानेवारी 1923 मध्ये हप्ते थकले म्हणून फ्रेंच आणि बेल्जियन फौजा रुहर या जर्मनीच्या औद्योगिक भागात घुसल्या. तहाच्याच जोरावर. निषेध म्हणून कामगारांनी काम बंद केलं, सरकारनं त्यांना पगार द्यायला नोटा छापल्या. युद्धाआधी एक डॉलर 4.2 मार्कांना मिळायचा. नोव्हेंबर 1923 मध्ये तोच 4.2 लाख कोटी मार्कांना.

मी आयुष्यभर काउंटरच्या आत बसलो. आमच्या तालुक्यातली एक सहकारी बँक बुडाली तेव्हा काउंटरच्या बाहेरही उभा राहिलो, वडिलांची ठेव अडकली होती म्हणून. निवृत्तीचा सगळा पैसा. वडील रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तिथे जायचे आणि बंद शटरवरची तीच नोटीस वाचून परत यायचे. पुढे विम्याची थोडी रक्कम मिळाली, पण मरेपर्यंत त्यांनी कुठल्याही संस्थेवर विश्वास ठेवला नाही. ना बँकेवर, ना सरकारवर, ना कोर्टावर. जर्मनीत हे एका तालुक्याचं नाही, अख्ख्या मध्यमवर्गाचं झालं. असा माणूस लगेच उठून दगड मारत नाही. पुढच्या संकटात मात्र तो जुन्या पक्षांकडे परत जात नाही. 1928 मध्ये 2.6 टक्के होते म्हणून जखम भरली होती असं धरायचं?

रानवारा

काका, तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण चलनवाढ 1923 ला सुरू झाली नव्हती. कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, सरकारनं युद्धाचा खर्च करांतून न उचलता कर्जरोखे काढून उचलला, जिंकल्यावर शत्रूकडून वसूल करू या हिशेबानं. 1914 ते 1918 मध्ये मार्कची किंमत निम्म्याहून खाली आली होती, तेव्हा तह कुठे होता? रुहरनं आगीत तेल ओतलं, हे मान्य. पण आग घरातली होती.

हॅम्बुर्गकर

इथल्या जुन्या बाजारात त्या काळातल्या नोटा अजून मिळतात. माझ्याकडे एक आहे. मूळ नोट हजार मार्कांची, 15 डिसेंबर 1922 ची, आणि तिच्यावर लाल शाईत नंतर छापलंय: एक अब्ज मार्क. नवी नोट काढायलाही सवड नव्हती. ती हातात घेतली की कॅशियरकाकांचं म्हणणं पटायला लागतं.

पण मत कुणी कुठे दिलं हे बघा ना. आमच्या वरचा श्लेस्विग-होल्स्टाइन म्हणजे शेतकऱ्यांचा मुलूख. जुलै 1932 मध्ये तिथे नाझींना 51 टक्के. तिथलं दुखणं व्हर्सायचं नव्हतं. 1928 पासून भाव पडलेले, कर्ज डोक्यावर, जप्तीवाले दारात. शेतकरी काळा झेंडा घेऊन निघाले होते, सरकारी कचेऱ्यांवर बाँब टाकत होते. आणि ज्या ऱ्हाइनलँडनं परकी फौजा दहा-अकरा वर्षं दारात सोसल्या, त्यातल्या कोलोन-आखेनमध्ये त्याच निवडणुकीत नाझींना 20 टक्क्यांच्या आसपास मतं. तो कॅथलिक भाग, आपल्या सेंटर पक्षाला धरून राहिला. तहाचा चटका जिथे रोज बसत होता, तिथेच हिटलर कमी पडला.

निवृत्त कॅशियर

आणि पूर्व प्रशिया? तहानं पोलंडला दिलेल्या पट्ट्यानं, पोलिश कॉरिडॉरनं, जर्मनीपासून तोडलेला प्रांत. त्याच निवडणुकीत 47 टक्के. सोयीचा जिल्हा निवडायला मलाही येतं.

कृष्णाकाठ

तुम्ही दोघं जर्मनांच्या ठेवी आणि जर्मनांची बेकारी यावर भांडताय. त्या युद्धात आपली माणसं मेली, त्यांचं काय?

माझे पणजोबा आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघंही मराठा पलटणीत होते. सहावं पुणे डिव्हिजन. आजच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्यात अडकले. डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. शेवटी शेवटी तिथे घोड्याचं मांस शिजवायचे. पणजोबांनी ते खाल्लं नाही, पिठावर दिवस काढले, हिरड्यांतून रक्त यायचं. त्यांचा इंग्रज सेनापती टाउनशेंडनं शरणागती दिली तेव्हा 13,000 च्या आसपास माणसं तुर्कांच्या हाती लागली. साहेबाला कॉन्स्टँटिनोपलजवळ बेटावर बंगला मिळाला. शिपायांना वाळवंटातून पायी हाकलत नेलं आणि रेल्वेच्या कामाला जुंपलं. धाकटे आजोबा त्या वाटेवरच गेले. घरी कसली तार नाही, कागद नाही. त्यांच्या बायकोनं कित्येक वर्षं कुंकू पुसलं नाही, कारण गेल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं.

बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रजांची नावं कोरलीत, आपल्या अंमलदारांचीही आहेत. साध्या शिपायाचं नाव नाही. पलटणीचं नाव आणि पुढे आकडा, बस. 2021 मध्ये ती स्मारकं सांभाळणाऱ्या आयोगानं त्याबद्दल माफी मागितली. शंभर वर्षांनी.

आणि हो, व्हर्सायच्या त्या तहावर भारताचीही सही आहे. भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह. धाकट्या आजोबांच्या वतीनं यांनी सही केली!

पारावरचा

या भरतीला आपलेच पुढारी जबाबदार नाहीत का? टिळकांनी सैन्यात जा म्हणून सांगितलं, गांधीजी गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरले. साताऱ्या-रत्नागिरीची पोरं इंग्रजांसाठी मरायला पाठवली.

अक्षरवेल

अर्धवट माहितीवर लोकमान्यांचं नाव घेऊ नका. टिळकांचा पाठिंबा बिनशर्त कधीच नव्हता. जून 1918 मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डननं युद्धपरिषद बोलावली. टिळक उठले, म्हणाले स्वराज्याचा प्रश्न सुटल्याशिवाय मनापासून मदत कशी होणार. गव्हर्नरनं मध्येच तोडलं, टिळक सभा सोडून गेले. हिंदी माणसाला अधिकाऱ्याचा हुद्दा मिळेल असं वचन आणा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसं देतो, म्हणून त्यांनी गांधीजींकडे पन्नास हजारांचा चेक पाठवला होता. गांधीजींनी तो परत केला.

आणि तुमचं व्हर्साय! 1919 च्या सुरुवातीला टिळक लंडनलाच होते, चिरोल या इंग्रज पत्रकारावर लावलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी. काँग्रेसनं तह ठरवणाऱ्या शांतता परिषदेसाठी त्यांना प्रतिनिधी नेमलं होतं. पॅरिसचा पासपोर्ट मिळाला नाही. त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांना लिहिलं, परिषदेचे अध्यक्ष क्लेमान्सो यांना निवेदन पाठवलं. विल्सनकडून आलं ते योग्य वेळी विचार होईल असं गुळमुळीत उत्तर. मायदेशी तोवर मार्चमध्ये रौलट कायदा आणि 13 एप्रिलला जालियनवाला.

पारावरचा

म्हणजे शर्तीवर का होईना, पोरं द्यायची तयारी होती. शर्त पुढाऱ्याची, जीव कुणब्याच्या पोराचा. तुम्हाला पुतळ्यापलीकडे काही दिसत नाही.

अक्षरवेल

मंडालेत सहा वर्षं काढून आलेला, साठी ओलांडलेला, मधुमेहानं पोखरलेला माणूस परदेशात दारोदार स्वराज्य मागत होता, आणि तुम्ही घरी बसून त्याला पोरं विकणारा ठरवता? लाज वाटली पाहिजे.

कृष्णाकाठ

अक्षरवेलताई, 'लाज' वगैरे राहू द्या. मी कुतचं लिहिलं म्हणून सांगतो, पणजोबा आणि धाकटे आजोबा दोघंही 1916 पूर्वीच पलटणीत होते, टिळकांच्या भाषणानं गेले नव्हते. दुष्काळी गाव, शेत दीड एकर, पलटणीत दोन वेळचं पोटभर मिळायचं. पारावरच्यांचं एवढंच खरं की ज्याचा जीव गेला त्याला कुणी विचारलं नव्हतं. ना साहेबानं, ना पुढाऱ्यानं.

पारावरचा

ठीक आहे. चेकचं मला माहीत नव्हतं. पण भरतीच्या काळात सगळ्या पुढाऱ्यांनी सरकारला दुखवायचं टाळलं, हे माझं म्हणणं कायम आहे.

हॅम्बुर्गकर

टिळकांचा विषय इथे उपराही नाही. त्याच परिषदेत जपाननं वंशसमानतेचं कलम मांडलं होतं. 17 पैकी 11 मतं बाजूनं पडली आणि अध्यक्षस्थानी असलेल्या विल्सननं एकमत नाही म्हणून ते बाजूला सारलं. चीनच्या शांतुंग प्रांतातले जर्मनीचे हक्क जपानला दिले म्हणून 4 मेला पेकिंगमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले. व्हर्सायनं कुणावर अन्याय केला असं विचारलंत तर मी जर्मनीचं नाव पहिल्या पाचांत घेणार नाही.

निवृत्त कॅशियर

हे वाक्य लिहून ठेवण्यासारखं आहे, पण प्रश्न हिटलरचा होता. आणि रानवाऱ्यांनी पूर्व प्रशियाचं उत्तर अजून दिलेलं नाही. शिवाय 1929 घ्या. अजून मंदी नीट पोचलीही नव्हती. वर्तमानपत्रांचा मालक आणि राष्ट्रवादी पुढारी हुगेनबर्गनं यंग योजनेविरुद्ध सार्वमत उभं केलं आणि हिटलरला बरोबर घेतलं. तोवर दारूगुत्त्यात ओरडणारा माणूस उद्योगपतींच्या वर्तमानपत्रांत रोज झळकायला लागला. कशाच्या जोरावर? 1988 पर्यंत हप्ते भरायचे, या एका वाक्याच्या जोरावर. ते वाक्य तहातून आलं.

रानवारा

प्रशियाचं उत्तर: तोही प्रॉटेस्टंट, तोही शेतीवर जगणारा, तोही कर्जात बुडालेला. श्लेस्विग-होल्स्टाइनसारखाच. कॉरिडॉरमुळे मतं किती वाढली आणि राय या धान्याच्या पडलेल्या भावामुळे किती, हे वेगळं काढता येत नाही. काहीच वाढली नाहीत असं मी म्हणणार नाही.

हुगेनबर्गचं सार्वमत तुम्ही काढलंत ते बरं केलंत. डिसेंबर 1929 मध्ये त्याला पात्र मतदारांपैकी 13.8 टक्क्यांचा पाठिंबा मिळाला. हवे होते 50. तहाविरुद्ध थेट, स्वच्छ प्रश्न विचारला, आणि दर सातातल्या सहांनी घराबाहेर पडायचे कष्ट घेतले नाहीत. त्यातून हिटलरची ओळख वाढली, हे तुमचं म्हणणं मी घेतो. पण ती ओळख हुगेनबर्गनं दिली. पैसा त्याचा, छापखाने त्याचे. जानेवारी 1933 च्या मंत्रिमंडळात अर्थखातं घेऊन बसला तोही हाच हुगेनबर्ग, आणि जूनमध्ये त्याला बाहेर काढलं. व्हर्सायच्या आरसेमहालात यातलं काही ठरलं नव्हतं.

निवृत्त कॅशियर

छापखाना त्याचा, पण छापायला मजकूर कुणी पुरवला? तेवढं सांगा, मग मी गप्प बसतो.

रानवारा

ज्यानं हरलेलं युद्ध हरलो म्हणून कधी कबूल केलं नाही, त्यानं. 29 सप्टेंबर 1918 ला जर्मन सेनानी लुडेनडॉर्फनं स्वतः तातडीनं शस्त्रसंधी मागा म्हणून सांगितलं. सही करायला मात्र एर्त्सबेर्गर या नागरी पुढाऱ्याला पुढे केलं, 1921 मध्ये त्याला गोळ्या घातल्या. आणि नोव्हेंबर 1919 मध्ये युद्धातला सरसेनापती हिंडेनबर्ग चौकशी समितीपुढे सांगतो, सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला म्हणून. पुढे हिटलरला चान्सेलर करणारी सही याचीच. मजकूर तिथून आलाय, काका. तह मवाळ असता तरी तो छापून आलाच असता.