अनुभव धागा: ऑस्प्रेचं घरटं, मार्च ते सप्टेंबर

२०२० च्या एप्रिलमध्ये मी वेल्समधल्या डव्ही इथल्या ऑस्प्रेच्या घरट्याचा लाइव्ह कॅमेरा पहिल्यांदा लावला. उंच खांबावर रचलेला काटक्यांचा ढीग आणि त्यावर एकटी उभी असलेली मादी, टेलिन. २०११ पासून त्या घरट्यावर येणारा मॉन्टी नावाचा नर त्या वर्षी परतलाच नाही, हे मला नंतर कळलं. मग इद्रिस नावाचा नवा नर आला आणि त्याने आणलेला मासा टेलिनने घेतला. तेव्हापासून दर मार्चमध्ये, कामाला बसण्याआधी, मी ते घरटं उघडून बघते.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ऑस्प्रे हा जवळजवळ फक्त माशांवर जगणारा शिकारी पक्षी. ब्रिटनमधले बहुतेक ऑस्प्रे हिवाळा सेनेगल, गाम्बिया अशा पश्चिम आफ्रिकेतल्या किनाऱ्यांवर काढतात. वसंतात नर आणि मादी वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि त्याच जुन्या घरट्यावर भेटतात. अंडी बहुधा तीन. सुमारे ३७ दिवस उबवण, त्यानंतर सात-आठ आठवड्यांनी पिल्लांचं पहिलं उड्डाण, आणि सप्टेंबरपर्यंत घरटं रिकामं.

तुम्ही कुठलं घरटं बघता? कोणता प्रसंग मनात रुतून बसला? आणि बघवलं नाही तेव्हा काय केलंत? दोन ओळी लिहा, दोन पानं लिहा. विनंती एकच: ज्या घरट्यांची जागा जाहीर केलेली नाही, तिचा उल्लेख कुणी करू नका. अंडी चोरणारे अजून आहेत.

*

उबवणीच्या पस्तिसाव्या दिवसापासून मी पहाटे उठायला लागते.

अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतराने घातली जातात आणि उबवण लवकरच सुरू होते, त्यामुळे पिल्लंही एकामागून एक बाहेर येतात. मादी अधूनमधून अंड्यांवरून उठते, मान वाकवून बघते, अंडी चोचीने सरकवते आणि अंग हलवत पुन्हा बसते. अंडं फुटायच्या सुमारास हे वाकून बघणं लांबतं. ती तशीच थांबून राहते, जणू आतून कुणी हाक मारली आहे. तीन हंगाम बघितल्यावर मला ते ओळखता यायला लागलं.

सगळ्यात जास्त मी बघत राहते ते तिचं चालणं. ज्या नख्यांनी बुळबुळीत मासा निसटू द्यायचा नाही, त्याच नख्या आत वळवून, पायांच्या मुठी आवळून ती पिल्लांच्या मधून पाऊल टाकते. पाऊल ठेवायला जागा नसली तर ते तसंच अधांतरी धरून उभी राहते. मग ती एवढी मोठी बाकदार चोच, आणि तिच्या टोकाला माशाचा शिताएवढा तुकडा. पिल्लाची मान डुगडुगते, घास चुकतो, खाली पडतो. ती तो स्वतः गिळते आणि नवा तुकडा तोडते. एकदा मी मोजलं होतं. एक घास पोटात जायला सात वेळा प्रयत्न झाले. सातव्यांदाही तिची मान तितक्याच हळू खाली आली.

माझी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती आणि मी तिला चमच्याने भरवत होते. जास्त लिहीत नाही.

*

माझी लेक आठ वर्षांची. तिने हंगामाची एक वही केली आहे. वेळ, मासा कोणी आणला, कुठला मासा, डोक्यासकट की डोक्याविना. नर पुष्कळदा माशाचं डोकं आणि पुढचा भाग आधी स्वतः खातो आणि उरलेला घरट्यावर आणतो. लेकीला ते आवडलं नाही. "बाबा आधी का खातो?" मी म्हटलं, तो उपाशी राहिला तर उद्या मासे कोण आणणार? ती बराच वेळ काही बोलली नाही, मग वहीत नवा रकाना आखला: "बाबा जेवला का?"

तिने आणखी एक गोष्ट माझ्या आधी टिपली. मासा नेहमी तोंड पुढे करून धरलेला असतो, एक पाय पुढे, एक मागे. ऑस्प्रेचं बाहेरचं बोट मागे वळू शकतं, म्हणजे पकडताना दोन बोटं पुढे आणि दोन मागे. तळव्यांना बारीक काटेही असतात. मासा सरळ धरला की वाऱ्याचा अडथळा कमी होतो. ती आता ट्राउट, बोय आणि चपटा फ्लाउंडर लांबून ओळखते.

*

इंग्लंडमधलं रटलंड, मँटन बे, २०१९. माया नावाच्या मादीच्या घरट्यातून चार पिल्लं उडाली. चार! खालच्या फांदीपासून खांबापर्यंत जागेसाठी रेटारेटी चालायची. त्या उन्हाळ्यात मी दुसरं काही बघितलंच नाही.

*

मी २०२१ बद्दल लिहिणार आहे. ज्यांना वाचणं सहन होणार नाही त्यांनी पुढे जावं.

वेल्समधल्याच ग्लासलिनच्या घरट्यावर मिसेस जी नावाची मादी २००४ पासून २०२२ पर्यंत येत होती. तिच्या पायात ओळखीची कडी नव्हती, डोक्यावरच्या खुणांवरून तिला ओळखायचे. २०१५ पासून तिचा जोडीदार होता ॲरन. २०२१ च्या मे अखेरीस पिल्लं अगदी लहान असताना हवा बिघडली, त्यात एका परक्या ऑस्प्रेशी झालेल्या झटापटीत ॲरनची उड्डाणाची मोठी पिसं गेली. त्याला मासा धरून आणणं जमेना. मादी पिल्लांवरून उठू शकत नव्हती, कारण ती उठली तर पिल्लं पावसात भिजणार. तिचं ओरडणं स्पीकरमधून सतत ऐकू येत होतं. मासा मागण्याची ती हाक आम्हा सगळ्यांना पाठ झालेली, पण त्या दिवसांत ती थांबतच नव्हती.

तिन्ही पिल्लं गेली. तिथे काम करणाऱ्यांनी मोठ्या पक्ष्यांसाठी मासे ठेवले आणि ते दोघे सावरले. मी दुसऱ्या पिल्लानंतर कॅमेरा बंद केला आणि तिसरं गेल्याचं वाचून कळलं. ते शेवटचं पिल्लू जात असताना मी तिथे नव्हतो, याची बोच मला अजून आहे. माझ्या असण्याने काही झालं नसतं, हे कळतं. तरी आहे.

पुढच्या वसंतात दोघंही आले. मी पुन्हा लावला कॅमेरा.

*

दादा, वरचं वाचून दोन दिवस उत्तर द्यायचं धाडस झालं नाही. बंद केलात ते चूक नव्हतं.

पण यावरून मनातलं जुनं काही विचारते. मदत करायची की नाही? डव्हीला २०१२ च्या जूनमध्ये असंच वादळ आलं होतं. दोन पिल्लं गेली, तिसरं मान टाकून पडलेलं. तेव्हा माणसं घरट्यावर चढली, त्याला मासा भरवला आणि परत ठेवलं. ते जगलं, त्याचं नाव कैलन ठेवलं, त्या उन्हाळ्यात ते उडालं. आफ्रिकेत गेलं ते परतलं नाही, पण उडालं. मला वाटतं हे बरोबर केलं. या पक्ष्यांना आपणच एकदा संपवलं आहे. बंदुका, अंड्यांचे संग्राहक, नंतर डीडीटी. स्कॉटलंडमधून १९१६ च्या सुमारास ते नाहीसेच झाले होते, १९५४ मध्ये पुन्हा घरटी करू लागले. इतकं बिघडवल्यावर "निसर्गात ढवळाढवळ नको" म्हणणं मला पटत नाही.

*

ताई, मी थोडा वेगळा विचार करतो, रागावू नका. घरटं वाऱ्याने पडलं, फलाट बांधायचा आहे, दगाफटका होऊ नये म्हणून पहारा द्यायचा आहे, तर माणसांनी जरूर धावावं. पण प्रत्येक भुकेल्या पिल्लासाठी चढायचं म्हटलं तर त्या चढण्यानेच आई उडून जाते आणि बाकीची गारठतात. थोरलं पिल्लू धाकट्याला चोचीने दाबतं तेव्हा माझाही हात पडद्याकडे जातो. मासे भरपूर असले की तीच पिल्लं दोन दिवसांत शेजारी शेजारी झोपतात.

२०२२ मध्ये पूल हार्बरला दोन पिल्लं उडाली, दक्षिण इंग्लंडमध्ये सुमारे १८० वर्षांनी. त्यातलं एक गॉसहॉक या शिकारी पक्ष्याने नेलं. गॉसहॉकही एकेकाळी ब्रिटनमधून संपलेला आणि परत आलेला पक्षी आहे. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, पण त्या गॉसहॉकवर राग काढायला जागा सापडली नाही.

*

धागा सुरू करणारी मी. तुम्हा दोघांचं वाचून माझं मत काठावर आहे. सांगू का, २०१२ ला मी तिथे असते तर चढा म्हणाले असते. नियम म्हणून विचाराल तर दादांसारखं म्हणेन.

*

राग कुणावर काढायचा ते मी सांगते. ३० एप्रिल २०२१ ची रात्र, वेल्समधलं लिन ब्रेनिग. घरट्याचा खांब यांत्रिक करवतीने कापला. पहिलं अंडं नुकतंच घातलेलं होतं. सकाळी कॅमेऱ्याऐवजी बातमी आली.

मी त्या आधी इतिहास वाचला होता, की स्कॉटलंडमधल्या लॉक गार्टनला १९५८ मध्ये चोराने रात्री झाडावर चढून अंडी पळवली आणि त्या जागी बुटाचं पॉलिश फासलेली कोंबडीची अंडी ठेवली. तेव्हा ते लांबचं वाटलं होतं. १९५९ मध्ये तिथे पहारा कडक केला, तीन पिल्लं उडाली आणि जागा लपवण्याऐवजी लोकांना बघायला खुली केली, हा निर्णय मला आजही थोर वाटतो. हजारो डोळे असले की चोराला अंधार कमी पडतो.

ब्रेनिगला नवा फलाट उभा केला गेला. पुढच्या वर्षी तिथे एक पिल्लू वाढलं. ते पहिल्यांदा घरट्यावरून हातभर वर तरंगलं, वाऱ्यावर पंख पसरून, पाय लोंबकळत, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

*

पूल हार्बरचा उल्लेख आलाच आहे, तर सीजे७ (हा तिच्या कडीवरचा क्रमांक) बद्दल लिहितो.

ही मादी २०१५ ची, रटलंडची. २०१७ मध्ये ती पूल हार्बरला दिसली. त्याच वर्षी तिथे स्कॉटलंडहून पिल्लं आणून सोडायला सुरुवात झाली होती, पण ती पिल्लं तर आफ्रिकेला जाणार आणि परतलीच तर दोन-तीन वर्षांनी. ती मात्र दर वसंतात येत राहिली. काटक्या आणायच्या, मधला खळगा गवताने मऊ करायचा, आकाशाकडे बघत बसायचं. एका वर्षी नर नसतानाच अंडी घातली. ती फुटणार नव्हती. तिने ती उबवली.

२०२१ मध्ये ०२२ नावाचा नर आला. त्या वर्षासाठी उशीर झाला होता. दोघं वेगवेगळे आफ्रिकेला गेले. त्या हिवाळ्यात मी नकाशावर सहारा वाळवंट आणि बिस्केचा उपसागर कितीदा बघितला असेन! दोघांपैकी एक जरी वाटेत पडलं असतं तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून. २०२२ च्या एप्रिलमध्ये दोघंही आले.

आम्हा नवरा-बायकोची ती वाट बघण्याचीच वर्षं होती. सीजे७ ने दुसऱ्या मोसमात घरटं पुन्हा लावायला घेतलं की बायको नुसती हात धरायची.

*

कडी घालतानाचं चित्रण कुणी बघितलं आहे का? पाचव्या-सहाव्या आठवड्यात, पाय पूर्ण वाढलेले पण उडायला अजून अवकाश, अशा नेमक्या दिवसांत पिल्लं खाली आणतात, वजन करतात, निळी कडी घालतात. इंग्लंड-वेल्समध्ये उजव्या पायात, स्कॉटलंडमध्ये डाव्या. आई वर घिरट्या घालत ओरडते आणि पिल्लं तिच्या इशाऱ्यावर मेल्यासारखी सपाट पडून राहतात. डोळे नारिंगी, पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट कड. मोठेपणी डोळे पिवळे होतात.

मी एका कडीचा क्रमांक लिहून ठेवला आहे. ते पिल्लू माझ्या डोळ्यांसमोर अंड्यातून बाहेर आलं. आफ्रिकेचा रस्ता त्याला कुणी दाखवत नाही. एकटंच निघतं, आणि पहिला उन्हाळा तिकडेच काढतं. बहुतेक पिल्लं परतत नाहीत, हे मला माहीत आहे. त्याचं हे चौथं वर्ष. दर एप्रिलमध्ये कुठल्याही घरट्यावर परका पक्षी उतरला की मी आधी उजवा पाय बघतो.

*

सगळ्यांनी आयांबद्दल लिहिलं आहे, म्हणून मी शेवटच्या दिवसांतल्या बापाबद्दल लिहिते.

ऑगस्टमध्ये बहुधा मादी आधी निघते. अंडी, पिल्लं, सगळा हंगाम घरट्यावर काढून ती थकलेली असते. नर मागे राहतो आणि उडायला शिकलेल्या पिल्लांना मासे आणून देत राहतो. ती आता त्याच्याएवढी दिसतात. मासा उतरला की तिघं त्याच्यावर तुटून पडतात आणि तो लगेच बाजूला होतो, कारण थांबला तर नख्या लागतात. मग एका सकाळी दोनच येतात. पुढच्या आठवड्यात एक.

मी बघत होते त्या घरट्यावर शेवटचं पिल्लू सप्टेंबरच्या सुरुवातीला गेलं. दुपारी तो मासा घेऊन आला. कुणी ओरडलं नाही. तो घरट्याच्या कडेला उतरला, मासा पायाखाली धरला आणि इकडेतिकडे बघत राहिला. वाऱ्याने पाठीची पिसं उलटत होती. एकदा मान वर करून त्याने बारीक आवाज काढला. वीस-पंचवीस मिनिटं गेली. मग त्याने माशाच्या डोक्यापासून खायला सुरुवात केली आणि मध्येच थांबून उरलेला तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशीही तो मासा घेऊन आला होता. तिसऱ्या दिवशी फांदी रिकामी होती.