मदत हवी आहे: घरच्या सुऱ्यांसाठी धार लावायचं छोटं विजेचं चाक कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी. घरात सहा सुऱ्या आहेत आणि सध्या सहाही सारख्याच बोथट आहेत. त्यांतली एक मी स्वतःच्या हाताने बिघडवली आहे. ते आधी सांगते, म्हणजे प्रश्न कुठून आला ते कळेल.

ओळखीच्या एकांकडे सहा इंची चाकांचा बेंच ग्राइंडर आहे. दोन मिनिटांचं काम म्हणून मोठी सुरी घेऊन गेले. ठिणग्या झकास उडाल्या. टोकाकडे पातं पातळ होतं, तिथे हात जरा रेंगाळला आणि कडेवर आधी पिवळसर, मग तपकिरी आणि अगदी टोकाला निळा रंग चढला. दिसायला सुरेख होता, खोटं कशाला बोलू. दोन दिवस सुरी छान चालली. तिसऱ्या दिवशी बाकी पातं ठीक, पण टोकाकडचा दोन बोटं भाग बोथट. निसण्यावर घासली की पुन्हा दोन दिवस, पुन्हा तेच. पोलादाचं पाणी उतरलं एवढं माझ्याही लक्षात आलं.

निसणा आहे घरात, १००० ग्रिटचा. पण माझ्या हातात कोन टिकत नाही. दहा वेळा घासलं तर दहा वेगवेगळे कोन होतात आणि कड गोल होऊन बसते. म्हणून यंत्र घ्यायचं ठरवलंय. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा वापरणार, कपाटात मावायला हवं आणि आवाज कमी हवा.

आतापर्यंत तीन प्रकार पाहिले: खाचेतून सुरी ओढायचं यंत्र, पाण्यात फिरणारं संथ दगडी चाक (२०० आणि २५० मिमी) आणि छोटं डायमंड लावलेलं कोरडं चाक. चाक लहान असेल तर कड आतून पोकळ घासली जाते, म्हणून २५० च घ्या, असं एकाने ठासून सांगितलं. खरं आहे का? आणि त्या निळ्या टोकाचं काही होऊ शकतं का?

सहाण

टोकाचं होऊ शकतं. जळालेला भाग घासून काढायचा, मागचं पोलाद शाबूत असतं. फक्त ते काम ज्या यंत्राने जाळलं त्यावर नको.

वेगाचा हिशेब बघा. १५० मिमीचा बेंच ग्राइंडर मिनिटाला साधारण २८५० फेरे घेतो, म्हणजे चाकाची कड सेकंदाला २२ मीटरने पळते. २०० मिमीचं पाण्यातलं चाक मिनिटाला १२० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला सव्वा मीटर. जवळजवळ अठरा पटींचा फरक. स्वयंपाकाच्या सुरीला पाणी दिल्यावर ती साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास टेम्पर केलेली, म्हणजे पुन्हा बेताने तापवून चिवट केलेली असते. त्याच्या बरंच वर गेलं की कडकपणा उतरू लागतो, आणि कागदाएवढी पातळ कड तिथवर जायला क्षणभर पुरतो. रंग दिसेपर्यंत नुकसान झालेलं असतं. मधूनमधून बादलीत बुडवा असं सांगणारे भेटतील, पण तोवर जळायचं ते जळून गेलेलं असतं.

म्हणून खरेदी करताना व्यासाच्या आधी फेरे विचारा.

अर्धवर्तुळ

पोकळ घासलं जाण्याची भीती सुरीच्या बाबतीत निव्वळ बागुलबुवा आहे. सुरीची घासलेली कड जेमतेम १ मिमी रुंद असते, बऱ्याचदा त्याहून कमी. कडेच्या रुंदीचा वर्ग करा आणि त्याला चाकाच्या त्रिज्येच्या आठपटीने भागा, खोली मिळते. २५० मिमीच्या चाकावर १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), २०० वर सव्वा मायक्रॉन. अगदी ५० मिमीच्या चिमुकल्या चाकावरही ५ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

हा सल्ला सुतारकामातून आलाय. छिन्नीची कड ८ मिमी रुंद धरली तर २०० च्या चाकावर ०.०८ मिमी खोलगट होते, ती नुसत्या डोळ्याला दिसते. तुम्हाला छिन्न्या पाजवायच्या नाहीत ना? मग २०० घ्या आणि कपाटातली जागा वाचवा.

मुठीपाशी

मी उलट बाजूने बोलतो. कोन टिकत नाही ही तुमची तक्रार आहे, तर खाचेचं यंत्र घेऊन मोकळ्या व्हा. कोन ठरलेला, पाणी सांडत नाही, पाच मिनिटांत काम. धार लावणं हा ज्याचा छंद नाही त्याने छंदाची यंत्रं का घ्यावीत?

सहाण

मुठीपाशी, छंदाचा मुद्दा मान्य. पण ज्या सुरीला मुठीजवळ जाड गाठ असते ती खाचेत टाचेपर्यंत, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या शेवटापर्यंत, जातच नाही. टाचेचा एक-दीड सेंटिमीटर भाग उंच राहतो, त्याच्या पुढचं पातं झिजत जातं. काही वर्षांनी सुरी फळीवर ठेवली की मध्ये उजेड दिसतो. शिवाय ठरलेला कोन तुमच्या सुरीचा असेलच असं नाही. युरोपीय घाटाच्या मऊसर सुऱ्यांना एका बाजूला १५ ते २० अंश चालतात, जपानी कडक पात्यांना बरेचदा १२ ते १५. गाठ नसलेल्या दोन-तीन साध्या सुऱ्या असतील तर मात्र खाचेचं यंत्र वाईट नाही.

थेंबथेंब

पाण्यातलं २०० चं चाक बरीच वर्षं वापरतेय. जाहिरातीत नसतं ते सांगते.

मोटरच्या पाटीवर S1 किंवा S2 लिहिलेलं असतं. S1 म्हणजे अखंड चालवा, S2 30 min म्हणजे अर्धा तास चालवून थंड होऊ द्या. लहान यंत्रं बरेचदा S2 असतात. सहा सुऱ्यांना अडचण नाही, फक्त माहीत असावं.

दगड पाणी पितो. पहिल्यांदा भांडं भरलं की दोन मिनिटांत रिकामं, घाबरू नका, पुन्हा भरा. काम संपल्यावर मात्र भांडं काढून ठेवा. चाक अर्धं पाण्यात राहिलं तर एक बाजू जड होते आणि पुढच्या वेळी लटपटत फिरतं.

सुरी धरायचा चिमटा आणि चाक सपाट करायचं अवजार त्या यंत्रासाठी मिळतं का ते आधी बघा. मिळत नसेल तर ते यंत्र सोडून द्या, कितीही छान दिसो. चिमट्याशिवाय तुम्ही निसण्यावर होतात तिथेच राहाल. लहान सुरीला वेगळा धारक लागतो, नाहीतर मोठा चिमटा आधाराच्या दांडीवर आपटतो.

खर्डा (प्रश्नकर्ती)

केवढी मदत! थेंबथेंब, चामड्याचं दुसरं चाक असतं ते खरंच लागतं की शोभेचं? आणि चिमट्यात कोन बरोबर आलाय हे कळतं कसं?

थेंबथेंब

चामडं लागतंच. दगडावर घासताना पलीकडच्या बाजूला धातूची बारीक कड वळते, वर्कशॉपात तिला बर म्हणतात. अंगठा पात्याच्या पाठीकडून कडेकडे आडवा सरकवला की नखाला अडकते. कधीही कडेच्या लांबीने बोट फिरवू नका. टाचेपासून टोकापर्यंत सगळीकडे बर लागली की ती बाजू झाली, मग दुसरी. शेवटी चामड्यावर पेस्ट लावून ती बर काढायची. तिथे चाक धारेपासून लांब पळत असलं पाहिजे. धारेच्या अंगावर येणारं चाक असेल तर सुरी चामड्यात घुसते. माझ्या चामड्यावर तसा एक आडवा काप आहे, पहिल्याच दिवसाचा.

कोनासाठी मार्कर. कड काळी करा, मोटर बंद ठेवून चाक हाताने थोडं फिरवा आणि शाई कुठून गेली ते बघा. फक्त वरच्या खांद्यावरून (घासलेल्या पट्ट्याच्या पाठीकडच्या कडेवरून) गेली तर कोन कमी आहे, फक्त धारेच्या रेषेवरून गेली तर जास्त. पूर्ण पट्टा चकचकीत झाला की मोटर सुरू.

खर्डा

अपडेट देते. एका परिचितांकडे २०० मिमीचं पाण्यातलं चाक निघालं, त्यांनी दुपारभर वापरू दिलं.

पहिल्या मार्करला शाई वरच्या अंगाने पुसली गेली आणि धारेशी केसभर काळी रेघ तशीच उरली. म्हणजे मी इतके महिने निसण्यावर खांदाच घासत होते! धार दगडाला लागतच नव्हती. चिमटा थोडा उचलला, तिसऱ्या खेपेला पट्टा साफ. निळा भाग काढायला मात्र घाम फुटला. संथ चाक खरंच संथ असतं, एका टोकासाठी पाऊण तास गेला, मध्ये मोटरला विश्रांती दिली ती वेगळी. पातं शेवटपर्यंत हाताला गार. नंतर वर्तमानपत्राचा कागद टाचेपासून टोकापर्यंत एका ओढीत कापला गेला, कुठे अडकला नाही.

एक घोळ केलाच. सुरी ओढता ओढता टोक चाकावरून खाली घसरलं, दोनदा, आणि आता ते किंचित गोल झालंय. यावर काही युक्ती?

सहाण

टोक चाकाबाहेर जाऊच द्यायचं नाही. टोक दगडाच्या मध्यावर आलं की थांबा आणि तिथूनच सुरी उचला. वळणावर मूठ हळूहळू वर घ्या. गोल झालेलं टोक पुढच्या चार-पाच वेळांत आपोआप सरळ होईल, त्यासाठी वेगळं घासू नका.

खर्डा

समजलं. २०० च घेतेय, चिमटा आणि लहान धारक दोन्हींसकट. बाकीच्या पाच सुऱ्या यंत्र आल्यावर.