बी-कॉम्प्लेक्सने मूड खरंच सुधारतो की मनाचे खेळ?

रात्रपाळी_पुणेकर

लोकहो, एक विचारायचं होतं. मी पक्का शाकाहारी, घरात अंडंसुद्धा येत नाही. गेले काही महिने नुसती चिडचिड चाललीय, झोपेचं खोबरं झालंय, ऑफिसात एकच मेल तीनदा वाचतो तरी डोक्यात शिरत नाही आणि संध्याकाळ झाली की उगाच रडू येईल असं वाटतं. मेडिकलवाल्याला सांगितलं तर त्याने बी-कॉम्प्लेक्सची स्ट्रिप हातात दिली, म्हणे घ्या, तरतरी येईल. आणि आठवड्याच्या आत बरं वाटायला लागलं की हो! बायको म्हणते त्या गोळीने लघवी पिवळी होते, बाकी सगळं तुझ्या मनात. तर प्रश्न असा की बी व्हिटॅमिनचा मेंदूतल्या केमिकलशी खरंच संबंध असतो का? आणि असेल तर जास्त पॉवरची घेतली तर जास्त फरक पडेल का? १०० एमजी बी६ अँझायटीवर चालतं असं नेटवर वाचलंय, ऑर्डर टाकायच्या बेतात आहे. केस गळतात म्हणून बायोटिन आधीपासून चालूच आहे.

मृण्मयी_बायोकेम

लघवीबद्दल वहिनी बरोबर आहेत, तो बी२ चा रंग :) पण बाकीचं सगळं मनात नाही.

बी६ शरीरात गेलं की त्याचं पायरिडॉक्सल फॉस्फेट होतं, आणि सेरोटोनिन तयार होण्याची शेवटची पायरी, डोपामिनची पायरी, ग्लुटामेटपासून गाबा बनतं ती पायरी, या सगळ्यांना ते लागतं. गाबा म्हणजे मेंदूचा ब्रेक समजा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बाळांच्या डब्याच्या दुधातलं बी६ प्रोसेसिंगमधे उष्णतेने नष्ट झालं होतं तर त्या बाळांना चक्क झटके यायला लागले, बी६ दिल्यावर थांबले. इतका थेट संबंध आहे.

फोलेट (म्हणजे बी९) आणि बी१२ ची जोडी वेगळं काम करते. होमोसिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाचं मिथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल करायचं, त्यातून सॅम नावाचा रेणू बनतो आणि तो मेंदूत ठिकठिकाणी मिथाइल गट पुरवतो. बी१२ कमी पडलं की ही साखळी अडते, होमोसिस्टीन साठतं, आणि नसांवरचं मायलिनचं आवरणही बिघडायला लागतं.

आता जास्त पॉवरचं. सेरोटोनिन किती वेगाने बनणार ते ठरतं आधीच्या पायरीवर, आणि त्या पायरीला बी६ लागतच नाही. त्यामुळे पुरेसं बी६ असताना वरून ढीगभर ओतलं म्हणून सेरोटोनिन वाढत जात नाही. तुम्ही वाचलंत तो बहुतेक रीडिंग विद्यापीठाचा २०२२ चा अभ्यास. ४७८ जण, काहींना बी६, काहींना बी१२, काहींना नुसती साखरेची गोळी, महिनाभर वगैरे. बी६ वाल्यांनी स्वतःच भरलेल्या फॉर्ममधे अँझायटी थोडी कमी दिसली आणि डोळ्यांच्या एका चाचणीत गाबाचा परिणाम वाढल्याची खूण मिळाली. इंटरेस्टिंग आहे, पण फरक छोटा होता, आणि त्यावरून कायम घेत राहायचं असं काही निघत नाही.

ठाण्याच्या_माई

अहो कशाला त्या गोळ्या, आमच्या पिढीने कुठे घेतल्या? रोज ताक प्या, मोड आलेली मटकी खा, आठवड्यातून एकदा इडली नाहीतर आंबोळी. आंबवलेल्यात सगळं बी१२ असतं. हल्ली स्पिरुलिनाची पण पावडर मिळते, माझी भाची घेते.

ओपीडी_आणि_चहा

माई, ताक सोडू नकाच, त्यात थोडंफार बी१२ असतं. पण मटकीत नसतं आणि इडलीच्या भरवशावर राहता येत नाही. बी१२ फक्त जिवाणू बनवतात, झाडं नाहीत. स्पिरुलिनात बरंचसं जे असतं ते दिसायला बी१२ सारखं, पण आपल्या शरीराला निरुपयोगी. ग्लासभर दुधात साधारण १ मायक्रोग्रॅम, गरज दिवसाला दोन-अडीचची, आणि आपल्याकडे दूध म्हणजे चहात पडेल तेवढंच!

पुण्यातच केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांच्या गटाने शहर, झोपडपट्टी आणि खेड्यातल्या मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं, २००६ ला छापून आलंय, त्यात ६७ टक्के पुरुषांचं बी१२ कमी निघालं आणि सगळ्यात वाईट अवस्था शहरी मध्यमवर्गाची. म्हणजे पुणेकर शाकाहारी माणूस चिडचिड आणि विसरभोळेपणा घेऊन आला की माझ्या डोक्यात बी१२ येतंच. कमतरता असेल तर गोळीने किंवा इंजेक्शनने मूडमधे फरक पडू शकतो, त्यात जादू काही नाही, जे नव्हतं ते मिळालं.

मात्र १०० एमजी बी६ ची ऑर्डर थांबवा. महिनोन्महिने जास्त डोस घेतला तर बी६ च नसा खराब करतं, पावलं बधिर, मुंग्या, चालताना तोल जाणं. १९८३ मधे असे ७ पेशंट पहिल्यांदा नीट नोंदवले गेले, ते दिवसाला २ ते ६ ग्रॅम घेत होते, पण नंतर बरंच कमी घेणाऱ्यांमधेही त्रास दिसला. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मधे मर्यादा १२ एमजीवर आणली, अमेरिकेची अजून १०० आहे. आणि गंमत बघा, मुंग्या बी१२ च्या कमतरतेनेही येतात, मग लोक नसांची गोळी म्हणून जास्त बी६ वालीच घेत बसतात आणि नक्की कशाने होतंय तेच कळत नाही.

नुसतं फोलिक ॲसिडही (गोळीतलं फोलेट) मनाने घेऊ नका. लुसी विल्स या डॉक्टर बाई १९२८ मधे मुंबईत आल्या होत्या, गिरणी कामगार बायकांना गरोदरपणी होणाऱ्या ॲनिमियावर काम करायला, आणि यीस्टच्या अर्काने त्या बायका बऱ्या होतात हे त्यांनी १९३१ मधे छापलं. त्यातला गुण म्हणजे फोलेट. (आपल्या परळ-लालबागला हे कुणी सांगत कसं नाही?) तर हे फोलेट बी१२ च्या कमतरतेतलं रक्त सुधारवतं पण नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं, रिपोर्ट छान आणि माणूस लडखडतोय.

बाणेर_टू_बोस्टन

थोडं थंड पाणी ओततो. २०१९ मधे १६ ट्रायल एकत्र करून बघितल्या होत्या, २०१५ माणसं. स्ट्रेसला बी व्हिटॅमिनचा फायदा दिसला, अँझायटीला नाही, डिप्रेशनला ठामपणे म्हणावा असा नाही. त्यातली पुष्कळ माणसं धडधाकट होती हेही खरं. दुसरीकडे २००० च्या एका ट्रायलमधे फ्लुओक्सेटिन या डिप्रेशनच्या औषधासोबत रोज ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड दिलं तर बायकांमधे औषधाचा गुण जास्त आला, पण तिथे औषध चालू होतंच, नुसती गोळी नव्हती. आणि आठवड्यात बरं वाटलं म्हणता, त्या आठवड्यात रात्रपाळी होती का सुट्टी, तेही आठवून बघा राव.

लॅबवाली_ताई

टेस्टला जाणार असाल तर माझं ऐका. बायोटिन चालू आहे म्हणालात ना, केसांच्या गोळीत ते बऱ्याचदा ५-१० एमजी असतं आणि काही मशीनवर त्याने थायरॉइडचा रिपोर्टच फिरतो, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) खोटंच कमी, टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) खोटंच जास्त. चिडचिड आणि झोप नाही म्हटल्यावर डॉक्टर थायरॉइड सांगणारच, मग धडधाकट माणूस हायपरथायरॉइड ठरतो. निदान दोन दिवस आधी बंद ठेवा आणि रक्त काढणाऱ्याला सांगा.

दुसरं, तुम्ही बी-कॉम्प्लेक्स ऑलरेडी घेताय म्हणजे बी१२ चा आकडा वर दिसू शकतो. २०० च्या खाली आला तर कमतरता धरतात, पण २०० ते ३०० मधे लटकला तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड (बी१२ कमी पडलं की रक्तात साठतात त्या गोष्टी) करून घ्यायचं का ते डॉक्टरना विचारा.

रात्रपाळी_पुणेकर

बाप रे, एवढं असतं होय. ऑर्डर नाही टाकत. सुट्टीच होती हो त्या आठवड्यात, पकडलंत :D एक राहिलं, बाबा बरीच वर्षं शुगरसाठी मेटफॉर्मिनवर आहेत, हल्ली फार गप्प गप्प असतात, त्यांनापण हीच स्ट्रिप दिली तर चालेल का?

ओपीडी_आणि_चहा

स्ट्रिप नको, आधी त्यांची बी१२ करा, तुमच्याही आधी. मेटफॉर्मिनने आतड्यातून बी१२ शोषणं कमी होतं, ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर त्यात भर. कमी निघालं तर बी-कॉम्प्लेक्समधलं थोडंसं बी१२ पुरायचं नाही, तोंडावाटे मोठा डोस किंवा इंजेक्शनं लागतील. मेटफॉर्मिन मात्र आपल्या मनाने बंद करू नका. आणि तुमचं ते रडू येणं रोजचंच असेल, दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, तर रिपोर्टची वाट न बघता कुणा मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. रात्री-अपरात्री जड झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलतात.