खाडीत माशांच्या जाती वाढल्या, म्हणजे खाडी सुधारली का?

मृणाल_प्राणी:
एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी एका नदीमुखातल्या जुन्या आणि अलीकडच्या पाहण्यांच्या याद्या ताडून बघतेय. नव्या यादीत जाती जास्त आहेत. सर म्हणतात, विविधता वाढली असं लिही. पण तळाशी राहणारा एक चपटा मासा आधी ढिगाने मिळायचा, तो आता एखाददुसराच दिसतो. हे मला खटकतंय. पाणी तापल्यामुळे असं होतं का? आणि होत असेल तर नेमकं कसं?

भरतीरेषा:
खटकतंय ते बरोबरच आहे. कृपा करून नुसता जातींचा आकडा लिहू नका. पाणी तापू लागलं की उष्ण पाण्यातल्या जाती शिरकाव करतात. थंड पाण्यातल्या मात्र एका फटक्यात संपत नाहीत, वर्षानुवर्षं रोडावत जातात. मधल्या काळात दोन्ही हजर, म्हणून यादी फुगलेली दिसते. प्रत्येक जातीचे किती मासे मिळाले ते मांडा.

आता तुमचा चपटा मासा. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या नॅरागॅन्सेट उपसागरात १९५९पासून दर आठवड्याला ठरलेल्या दोन जागी जाळं ओढून मासे मोजतात. तिथे तळाच्या माशांचं राज्य जाऊन वरच्या पाण्यात फिरणारे मासे आणि माकूल वाढले. विंटर फ्लाउंडर हा चपटा मासा फार घटला. तो भर थंडीत अंडी घालतो, कारण तेव्हा वाळूतली बारीक कोळंबी सुस्त पडलेली असते. हिवाळा सौम्य झाला की तीच कोळंबी हिंडतीफिरती राहते आणि अंडी, नुकती तळाला टेकलेली पिल्लं फस्त करते. मोठ्या माशाला पाणी सोसवत असूनही पुढची पिढी उभी राहत नाही. म्हणून वर्षाची सरासरी काढून थांबू नका, हिवाळ्यातलं सगळ्यात कमी तापमान वेगळं काढा.

गढूळ_पाणी:
वरचं पटलं, पण सगळं खापर तापमानावर फोडू नका. नॅरागॅन्सेटमध्ये मासेमारीचाही मोठा हात होता. शिवाय खारटपणा! फ्रान्समधल्या जिरोंद नदीमुखात गोड्या पाण्याचा ओघ कमी झाल्यावर समुद्राचं पाणी आत सरकलं आणि समुद्री माशांची पिल्लं वाढली. त्याच नदीमुखात थंड पाण्याचा स्मेल्ट मासा जवळपास नाहीसा झाला. नव्या जातींमध्ये समुद्रातून आलेल्या किती, ते आधी बघा. त्या वर्षांचा नदीचा विसर्गही मिळवा.

आणि प्राणवायू. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांवर साडेसातच. खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. नेमक्या त्याच उष्ण पाण्यात माशाला तो जास्त लागतो. तळाला पाण्याचा थर साचून राहिला, तर तळाच्या माशांचे हाल आधी होतात.

मृणाल_प्राणी:
खूप आभार. एक अडचण आहे: जुन्या पाहण्या बहुतेक मार्चमधल्या आहेत, नव्या मेमधल्या. आणि तापमानाची नोंद फक्त समुद्राच्या पृष्ठभागाची मिळाली आहे.

भरतीरेषा:
मग मार्च-मेची सरळ तुलना बाजूला ठेवा. दोन्ही काळांत सारख्या महिन्यांतल्या जेवढ्या ओढी सापडतील तेवढ्याच घ्या, थोड्या असल्या तरी चालतील. दोन महिन्यांत खाडीतले मासे कितीतरी बदलतात. पिल्लं येतात, मोठे बाहेर जातात. जाळ्याच्या आसाचा (छिद्राचा) आकार आणि भरती-ओहोटीची वेळही जुळते का पाहा.

समुद्राचं तापमान खाडीला लावू नका. उथळ पाणी लवकर तापतं. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधल्या १६६ नदीमुखांची पाहणी झाली, त्यात १२ वर्षांत पाणी सरासरी २ अंशांहून जास्त तापलेलं आढळलं. समुद्राच्या नोंदीवर विसंबलात तर ही वाढ तुमच्या हाती लागणार नाही. आत कुठे बंदर किंवा पाणी उपसा केंद्र असेल, तर त्यांच्या जुन्या नोंदवह्या मागा. सरांना सांगताना आधी त्या चपट्या माशाचा आलेख दाखवा, जातींचा आकडा त्याखाली.