जॉली बॉयला स्नॉर्केलिंग : विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी कोणती तयारी करावी?

अमळनेरकर : जानेवारीत आम्ही सहकुटुंब अंदमानला जाणार असून, वांडूरहून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातील जॉली बॉय बेटावर स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथे तरंगत खालचे पाहणे, करण्याचा विचार आहे. मी आणि माझा भाऊ मळ्यातल्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो आणि तापीतही पोहतो. वडिलांना मात्र पोहता येत नाही. आमच्या पायांनी तेथील प्रवाळांना इजा होऊ नये, ही खरी काळजी आहे. निघण्यापूर्वी काय शिकून घ्यावे?

तापीकाठ : भाऊ, विहिरीत शिकलेल्यांची एक सवय तिथे घातक ठरते. दम लागला किंवा कुणाशी बोलायचे झाले, की आपण पाण्यात उभे होतो आणि पाय खाली मारत तरंगत राहतो. विहिरीत खाली भरपूर पाणी असते. प्रवाळभित्तीवर मात्र काही ठिकाणी ते जेमतेम कमरेइतके असते, आणि तो एक पाय नेमका जिवंत प्रवाळावर पडतो. फांद्यांसारखे प्रवाळ वर्षाला फार तर 10 सेंटिमीटर वाढतात, घुमटासारखे तर साधारण 1 सेंटिमीटरच. म्हणजे कवेत न मावणारा घुमट कित्येक दशकांचा असतो. त्याच्यावरची जिवंत त्वचा अगदी पातळ असल्याने नुसते हात लावल्यानेही ती सोलवटते.

म्हणून जळगावातल्या एखाद्या तरणतलावात मास्क आणि नळी लावून पालथे, अंग सैल सोडून, पाय मागे पाण्याच्या पातळीवर ठेवून तरंगण्याचा सराव करावा. नळीत पाणी शिरले, तर उभे न राहता जोरात फुंकर मारून ते बाहेर काढता आले पाहिजे. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने श्वास ओढावा. तो चिकटून राहिला तर मापाचा आहे. मिशा असतील तर तिथून पाणी झिरपते, हेही ध्यानात ठेवावे. समुद्राचे पाणी खारे असल्याने अंग विहिरीपेक्षा सहज तरंगते. फिन्स, म्हणजे पायात घालायचे वल्ह्यासारखे पंजे, पहिल्या वेळी टाळलेलेच बरे, कारण त्यांच्या फटकाऱ्याने उडालेली वाळू प्रवाळांवर बसते.

चाळीसगावची वाचक : जॉली बॉय साधारण नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत खुले असते, उरलेल्या काळात त्याला विश्रांती देऊन रेड स्किन बेट उघडतात. सोमवारी उद्यान बंद असते. वनविभागाचा परवाना आधी काढावा आणि प्लास्टिकची पिशवी सोबत नेऊ नये. किनाऱ्यावर पडलेला पांढरा तुकडाही उचलू नये. प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. सनस्क्रीन फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा अंगरखा घालावा, असे माझे ठाम मत आहे.

आणखी एक. बरेचसे निरोगी प्रवाळ तपकिरी दिसतात, कारण त्यांच्या पेशींत शैवाल राहते आणि तेच त्यांना बहुतांश अन्न पुरवते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास गेला तरी आपण तग धरतो. प्रवाळांना मात्र नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा 1 अंश वाढ काही आठवडे टिकली, तरी ते शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. अंदमानात 2010 मध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडले. पांढराशुभ्र प्रवाळ दिसला, तर तो उपाशी असण्याची शक्यता असते, म्हणून त्याच्यापासून अधिकच लांब राहावे.

अमळनेरकर : ताई, वडिलांनी पाण्यात उतरावे का?

तापीकाठ : आधी त्यांना काचेच्या तळाच्या बोटीतून दाखवा. त्यानंतर उतरावेसे वाटले, तर लाइफ जॅकेट घालून आणि वाटाड्याने ओढलेली रिंग पुढे दोन्ही हातांनी धरून जाता येते. मात्र गुडघे पोटाशी न घेता पाय मागे सरळ सोडायला त्यांना घरीच सांगून ठेवा.