मदत हवी आहे: माउस जीएम-सीएसएफच्या नव्या लॉटमध्ये एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातील विषारी घटक) असेल का?

नमस्कार. आम्ही उंदराच्या मांडीच्या हाडातील मज्जेपासून डेंड्रिटिक पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) वाढवतो आणि त्यासाठी माध्यमात दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम रिकॉम्बिनंट माउस जीएम-सीएसएफ (पेशींची वाढ घडवणारे, जनुकतंत्राने बनवलेले प्रथिन) घालतो. (मानवी जीएम-सीएसएफ उंदराच्या पेशींवर काम करत नाही, त्यामुळे शेजारच्या विभागाकडून उसने आणण्याची सोय नाही.) नवा लॉट सुरू केल्यापासून, एलपीएस (उत्तेजनासाठी मुद्दाम दिले जाणारे एंडोटॉक्सिन) न दिलेल्या कंट्रोल पेशींवरही सातव्या दिवशी सीडी८६ (पेशी परिपक्व झाल्याची खूण असलेले प्रथिन) चढलेले दिसते, म्हणजे उत्तेजन देण्याआधीच पेशी परिपक्व झालेल्या असतात आणि तुलनेला काही अर्थच उरत नाही.

हे प्रथिन ई. कोलायमध्ये तयार केलेले असल्याने पहिला संशय एंडोटॉक्सिनवर जातो; मात्र कोरडी पावडर आम्ही ०.१ टक्का बीएसए (गाईच्या सीरममधील अल्ब्युमिन प्रथिन) घातलेल्या पीबीएसमध्ये (फॉस्फेटयुक्त क्षारद्रावणात) विरघळवतो, आणि बीएसए किंवा सीरममधूनही एंडोटॉक्सिन येऊ शकते. विरघळवल्यावर लगेच छोटे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवतो, त्यामुळे वारंवार गोठण्या-वितळण्याचा प्रश्न नाही. शिवाय तसे झाले असते तर प्रथिनाची क्रियाशीलता घटली असती, पेशी अशा भडकल्या नसत्या.

बीएसए मिसळलेल्या द्रावणावर एलएएल चाचणी (एंडोटॉक्सिन मोजण्याची चाचणी) विश्वासार्ह ठरते का, की प्रथिन, बीएसए आणि सीरम वेगवेगळे तपासावेत? कंट्रोलमध्ये पॉलिमिक्सिन बी (एंडोटॉक्सिनला निष्प्रभ करणारे प्रतिजैविक) घालून पाहणे हा पुरेसा पुरावा मानावा का? सस्तन पेशींत तयार केलेल्या प्रथिनाकडे वळलेल्यांनी मात्रा कशी ठरवली, हेही कृपया सांगावे. वजनावरून मात्रा ठरवण्यावर माझा फारसा भरवसा नाही.